पाणी बदललं, आता गोळी थांबवू का?

पत्राचा आशय: 32 वर्षांच्या एका वाचक भगिनीला तीन महिन्यांपूर्वी थायरॉइडची तक्रार असल्याचं कळलं. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी मंदावली की ते वाढतं) 8.4, फ्री टी-फोर (थायरॉइड स्वतः बनवते ते हार्मोन) नॉर्मल पण खालच्या टोकाला, अँटी-टीपीओ अँटिबॉडी (थायरॉइडविरुद्धची प्रतिद्रव्यं) बऱ्याच वाढलेल्या. डॉक्टरांनी थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची, कमी मात्रेची गोळी सुरू केली. गेली चार वर्षं घरात बोअरवेलचं पाणी आहे आणि शेजारच्या दोघींनाही हाच त्रास आहे. फ्लोराइड, नायट्रेट, क्लोरिन यांबद्दल वाचल्यावर आजार पाण्यामुळेच झाला अशी त्यांची खात्री पटली. घरी आरओ बसवला, मीटरवरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) 640 वरून 45 वर आला. आता सहा महिने गोळी बंद ठेवून नुसत्या शुद्ध पाण्याने काय फरक पडतो ते बघावं, असं त्यांच्या मनात आहे. एका मैत्रिणीने आयोडीनचे थेंब सुचवलेत. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाळाचा विचार आहे. आणि पाच वर्षांच्या मुलीला आपणच इतकी वर्षं हे पाणी पाजलं, ही गोष्ट त्यांच्या मनाला खाते आहे.

तुम्हाला सगळ्यांत आधी एकच सांगते. गोळी बंद केली असेल तर उद्या सकाळपासून पुन्हा सुरू करा आणि मध्ये किती दिवस चुकली ते डॉक्टरांना सांगा. बाकीचं सगळं आपण सावकाश बोलू.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. हा आजार पाण्यामुळे झाला का, हा एक. पाणी सुधारलं की तो जाईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असलं तरी दुसऱ्याचं उत्तर आपोआप ‘हो’ होत नाही, आणि तुमचा सहा महिन्यांचा बेत नेमका याच गृहीतावर उभा आहे.

पहिल्या प्रश्नाबद्दल तुमच्या हातातला रिपोर्ट बरंच काही सांगतो. अँटी-टीपीओ वाढलेल्या असणं म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटली आहे. याला हाशिमोटो थायरॉइडायटिस म्हणतात. जिथे लोकांना आयोडीन पुरेसं मिळतं तिथे थायरॉइड मंदावण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये ते कितीतरी पटींनी जास्त दिसतं आणि घराण्यात चालत येतं. आई, मावशी, आत्या, बहिणी यांच्यापैकी कुणाला थायरॉइड, पहिल्या प्रकारचा मधुमेह किंवा अंगावर पांढरे डाग आहेत का, हे एकदा विचारून बघा. हे सगळे प्रतिकारशक्ती उलटल्यामुळे होणारे आजार आहेत आणि एकाच कुटुंबात पुष्कळदा सोबत सापडतात.

शेजारच्या दोघींचं काय? सौम्य प्रकार धरले तर शंभर बायकांत पाच ते दहा जणींना थायरॉइड मंदावल्याचं आढळतं. तेव्हा एका गल्लीत तिघी निघणं अगदी शक्य आहे. त्यांना दोन गोष्टी विचारा: त्रास कधी सुरू झाला, आणि त्या तुमच्याच बोअरवेलचं पाणी पितात का? एकीचं निदान तिथे राहायला येण्याआधीचं निघालं, तर तुमच्या साखळीतली एक कडी तिथेच तुटते.

याचा अर्थ पाण्याचा थायरॉइडशी काही संबंध नाही असा नाही. संबंध आहे, आणि तो नीट समजून घेतलात तर कशाची काळजी करायची आणि कशाची सोडून द्यायची हे तुम्हाला स्वतःलाच ठरवता येईल.

थायरॉइडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. रक्तातलं आयोडाइड आत ओढून घेण्यासाठी ग्रंथीच्या पेशींवर एक खास दार असतं. पण परक्लोरेट, थायोसायनेट आणि नायट्रेट हे तिघेही त्याच दारावर गर्दी करतात. सर्वांत जोरदार परक्लोरेट, सर्वांत दुबळं नायट्रेट. परक्लोरेटची ताकद तर इतकी, की 1950 च्या दशकात अतिवेगाने चालणाऱ्या थायरॉइडवर ते औषध म्हणूनच दिलं जायचं, दिवसाला शेकडो मिलिग्रॅम. मात्र 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 37 निरोगी माणसांना 14 दिवस वेगवेगळ्या मात्रेत परक्लोरेट दिलं, तेव्हा सर्वांत कमी मात्रेत (वजनाच्या दर किलोमागे रोज 0.007 मिलिग्रॅम) आयोडीन आत घेण्यात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे पदार्थ पाण्यात आहे की नाही एवढंच बघून भागत नाही. तो किती आहे, आणि पिणाऱ्याच्या शरीरात आयोडीनची शिल्लक किती आहे, हे बघावं लागतं.

यातलं दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत 2001-02 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत ज्या स्त्रियांच्या लघवीत आयोडीन कमी होतं, त्यांच्यात परक्लोरेट वाढेल तसा टीएसएच वाढलेला आणि टी-फोर घटलेला दिसला. पुरुषांत असं दिसलं नाही. तेच पाणी, तेवढंच परक्लोरेट, पण आयोडीनचा साठा रिकामा असेल तर परिणाम वेगळा. दारावरची गर्दी तीच असली तरी आत शिरणारं आयोडीनच मोजकं असेल, तर टंचाई लवकर जाणवते.

बोअरवेलच्या पाण्याबाबत माझा पहिला संशय नायट्रेटवर असतो. शेतातली खतं, गोठे, शौचालयाचे शोषखड्डे यांतून ते जमिनीत मुरतं. त्याला रंग नाही, वास नाही, त्या प्रमाणात चवही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे. ती मुळात ठरवली गेली बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी, कारण जास्त नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. थायरॉइडचा पुरावा एवढा सरळ नाही. आयोवा राज्यातल्या सुमारे 22 हजार वयस्क स्त्रियांच्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाण्यातल्या नायट्रेटचा आणि मंद थायरॉइडचा संबंध सापडला नाही. थायरॉइडच्या कर्करोगाशी मात्र, वर्षानुवर्षं जास्त नायट्रेटचं पाणी पिणाऱ्यांत, संबंध दिसला. इतर काही पाहण्यांत जास्त नायट्रेटच्या भागातल्या मुलांच्या थायरॉइड ग्रंथी आकाराने मोठ्या आढळल्या. यातून ‘माझा आजार नायट्रेटमुळे झाला’ असा निष्कर्ष काढता येत नाही. ‘माझ्या पाण्यात नायट्रेट किती आहे ते मला माहीत असायला हवं’ एवढा नक्की काढता येतो.

फ्लोराइडचंही असंच. फार पूर्वी तेही काही डॉक्टरांनी अतिसक्रिय थायरॉइडवर वापरून पाहिलं होतं, म्हणून त्याच्याबद्दलची भीती अगदीच निराधार नाही. पण थायरॉइडवरचे परिणाम जिथे दिसले, ते बहुतेक लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडच्या पाण्यात. मर्यादेच्या आतल्या पाण्याबाबत अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. फ्लोराइड जास्त असेल तर त्याची खूण आधी मुलांच्या दातांवर उमटते. तुमच्या मुलीच्या कायमच्या दातांचं आवरण साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत राहणार आहे. तेव्हा तिच्यासाठी फ्लोराइड तपासायचं ते थायरॉइडपेक्षा दातांसाठी.

क्लोरिनची धास्ती मनातून काढून टाका. क्लोरिन आणि आयोडीन एकाच कुटुंबातली मूलद्रव्यं आहेत, म्हणून क्लोरिन आयोडीनची जागा घेतं, असा तर्क सगळीकडे फिरतो. पण आपल्या रक्तात मिठातलं क्लोराइड सदैव भरपूर असतं आणि थायरॉइडचं ते दार त्याला आयोडीन समजत नाही. जुनं, उन्हात पडून राहिलेलं ब्लीच किंवा हायपोक्लोराइट वापरलं तर त्यात क्लोरेट तयार होतं आणि ते थोडाफार अडथळा करतं. त्यासाठी ताजं द्रावण वापरायचं. जंतुनाशनच सोडून देणं हा त्यावरचा उपाय नाही. दूषित पाण्याने होणारी हगवण आणि कावीळ थायरॉइडची वाट बघत बसत नाहीत.

सध्या सर्वांत गंभीरपणे घ्यावा असा गट पीएफएएस या रसायनांचा आहे. न चिकटणारी भांडी, डाग न धरणारं कापड, आग विझवायचा फेस यांच्यासाठी ती वापरली गेली आणि निसर्गात ती जवळपास मोडतच नाहीत. अमेरिकेत ओहायो नदीकाठच्या एका कारखान्यामुळे पाण्यात यातलं एक रसायन, पीएफओए, मिसळलं होतं. तिथल्या सुमारे 69 हजार लोकांची माहिती आणि रक्ताचे नमुने गोळा झाले, आणि 2012 साली शास्त्रज्ञांच्या समितीने ज्या सहा आजारांशी त्याचा ‘संभाव्य संबंध’ नोंदवला, त्यांत थायरॉइडचा आजार होता. 2024 मध्ये अमेरिकेने पीएफओए आणि त्याच गटातलं पीएफओएस या दोघांसाठी लिटरला 4 नॅनोग्रॅम इतकी कडक मर्यादा ठरवली. पण ही तपासणी महागडी आहे आणि सगळ्यांना गरजेची नाही. जवळ विमानतळ, अग्निशमनाच्या सरावाची जागा किंवा अशी रसायनं वापरणारा कारखाना असेल तरच तिच्या मागे लागा. परक्लोरेटचंही तेच: फटाके, स्फोटकं किंवा रॉकेटच्या इंधनाशी संबंधित काही जवळपास असेल तर. आर्सेनिक मात्र बोअरवेल असणाऱ्या प्रत्येकाने एकदा तपासावं. थायरॉइडपेक्षा मोठी कारणं त्यामागे आहेत.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट मॅककॅरिसन नावाच्या डॉक्टरने गिलगिटच्या खोऱ्यात पाहिलं, की एकाच पाटाचं पाणी पिणाऱ्या गावांत जसजसं खाली जावं तसतसे गलगंडाचे रोगी वाढतात. वरच्या गावांची घाण खालच्यांच्या पाण्यात येते आणि तीच गलगंडाचं मूळ आहे, असं त्याचं मत झालं. निरीक्षण काळजीपूर्वक केलेलं होतं आणि अस्वच्छतेचा काही वाटा असेलही. पण डोंगराळ भागातल्या गलगंडाचं मुख्य कारण पाण्यात आणि मातीत नसलेली एक गोष्ट होती: आयोडीन. फ्रान्समध्ये शातँ नावाच्या शास्त्रज्ञाने 1850 च्या दशकातच ते सुचवलं होतं, पण तेव्हा मानलं गेलं नाही. आजही आपण पाण्यात काय आहे एवढंच शोधतो. शरीरात काय कमी आहे, हा प्रश्न मागे पडतो.

म्हणून आयोडीनचे थेंब घ्या, असं मी म्हणतेय का? मुळीच नाही. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. घरातलं मीठ आयोडीनयुक्त असेल आणि बंद डब्यात ठेवत असाल, तर बहुधा तेवढं मिळतंच. हाशिमोटोमध्ये जास्तीचं आयोडीन ग्रंथी आणखी मंदावू शकतं. 1990 च्या दशकात नायजरमध्ये काम करणाऱ्या पीस कोअर या अमेरिकी सेवा संस्थेच्या स्वयंसेवकांमध्ये गलगंडाची साथच दिसली. शोध घेतल्यावर कळलं, की पाणी निर्जंतुक करायला दिलेल्या फिल्टरमधूनच त्यांच्या पोटात गरजेच्या कितीतरी पट आयोडीन जात होतं. पाणी शुद्ध करणाऱ्या साधनानेच थायरॉइड बिघडवला. मैत्रिणीने प्रेमाने सुचवलं असेल, पण ती बाटली तुम्ही घेऊ नका.

आता तुमचा प्रयोग. थांबून बघावंसं वाटणं यात वेडेपणा नाही. टीएसएच 10 च्या आत आणि फ्री टी-फोर नॉर्मल असेल, तर काही जणांना डॉक्टर गोळी न देता दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात, आणि कित्येकांचा आकडा आपोआप खाली येतो. पण म्हणूनच तुमच्या प्रयोगातून काही सिद्ध होणार नाही. टीएसएच उतरला तर तो पाण्याने उतरला की स्वतःहून, हे कळणार नाही. चढला तर तुम्ही पाण्यात आणखी नवा दोष शोधाल. मधले महिने मात्र शरीर भोगेल.

शिवाय थांबून बघायची मुभा ज्यांना असते त्यांच्यात तुम्ही बसत नाही. अँटिबॉडी वाढलेल्या आहेत, म्हणजे ग्रंथी पुढे आणखी थकण्याची शक्यता जास्त. त्यातून बाळाचा विचार आहे. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पुरेसं हार्मोन बनवू लागायला निम्मं गर्भारपण उलटतं. तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन आईकडून जातं, आणि पहिले काही आठवडे तर दिवस राहिल्याचं कळायच्या आतच सरतात. गोळी घेणाऱ्या स्त्रीचा टीएसएच गर्भधारणेआधीच 2.5 च्या खाली आणायचा प्रयत्न डॉक्टर करतात तो यासाठी. दिवस राहिल्यावर गोळीची मात्रा बहुतेकींना वाढवावी लागते, सहसा पाव ते निम्म्याने. पाळी चुकल्याबरोबर काय करायचं, हे आताच विचारून लिहून ठेवा. गरोदरपणात आयोडीनची गरजही 250 मायक्रोग्रॅमपर्यंत जाते, पण ती कशातून भरून काढायची ते डॉक्टर ठरवतील.

मग आरओचे पैसे फुकट गेले का? ते अजून कळायचं आहे, कारण तुम्ही उपाय आधी केलात आणि तपासणी राहूनच गेली. टीडीएसचा मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत याचा अंदाज देतो, तेही विजेच्या वहनावरून. त्यात नायट्रेट आहे की निरुपद्रवी कॅल्शियम, हे तो सांगत नाही. आर्सेनिक किंवा पीएफएएस ज्या प्रमाणात घातक ठरतात, ते तर त्याला कळतही नाही. टीडीएस 640 असलेलं पाणी चवीला जड असूनही थायरॉइडला निर्धोक असू शकतं, आणि 150 असलेलं पाणी धोकादायक.

तेव्हा पाण्याचे दोन नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या, एक थेट बोअरवेलचा आणि दुसरा आरओमधून आलेला. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक आणि कोलिफॉर्म जंतू (पाणी दूषित झाल्याची खूण) एवढं मागा. पंप काही मिनिटं चालू ठेवून मगच नमुना भरा. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली वापरा आणि ती त्याच दिवशी पोचवा. नायट्रेट ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा पावसानंतर तपासलंत तर उत्तम. रसायनं मर्यादेत निघाली आणि फक्त जंतू सापडले, तर उकळणं किंवा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र) पुरतं. आरओ लागत नाही आणि तो वाया घालवतो ते पाणीही वाचतं. नायट्रेट, फ्लोराइड किंवा आर्सेनिक जास्त निघालं तर आरओ योग्यच. मात्र त्याचा पडदा जुना होतो, आणि नायट्रेट अडवण्यात तो सर्वांत आधी ढिला पडतो, म्हणून बाहेर आलेलं पाणी वर्षातून एकदा तपासत राहा. उकळल्याने यातलं एकही रसायन जात नाही. पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण उलट वाढतं. साधा कोळशाचा फिल्टर क्लोरिन आणि काही प्रमाणात पीएफएएस कमी करतो, नायट्रेटला हात लावत नाही.

गोळी कशी घेता हेही बघा, कारण ‘गोळीने फरक पडत नाही’ असं वाटण्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा ते एक तास. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास दूर. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, त्याने थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघायचा. त्याआधी बघून अर्थ नाही.

आणि तुमची मुलगी. तिला तुम्ही पाणी दिलंत, घरातले सगळे पीत होते तेच. एका आईने यापेक्षा वेगळं काय करायला हवं होतं, असा प्रश्न स्वतःला विचारलात तर त्याचं उत्तर तुम्हाला सापडणार नाही, कारण ते नाही. तिची उंची वयाप्रमाणे वाढत असेल, ती खेळती असेल, सतत मरगळ किंवा चिवट बद्धकोष्ठता नसेल, तर केवळ पाण्याच्या शंकेवरून रक्त तपासायची गरज नाही. पुढच्या वेळी बालरोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा आईला हाशिमोटो असल्याचं सांगा. उंचीचा आलेख बघून पुढचं ते ठरवतील.

पाण्याचा रिपोर्ट आला की तो शेजारच्या त्या दोघींनाही दाखवा. त्यात नायट्रेट 50 च्या वर असेल आणि आसपासच्या कुठल्याही घरात बाटलीने दूध पिणारं तान्हं बाळ असेल, तर त्या घरी त्याच दिवशी सांगा, की बाळाच्या दुधासाठी हे पाणी वापरू नका, उकळूनही नाही.